गणिताचं घराणं

किम आंटीला स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं कुणी म्हणालं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या एका इमारतीत ती अकराव्या मजल्यावर राहते, आणि तिच्या घरी खुर्च्या सात आहेत. सहा मुलांच्या आणि एक तिची. सातव्या खुर्चीवर गेली कित्येक वर्षं फक्त रद्दी बसते. बाई जेवते उभ्याने, फोनवर बोलते येरझाऱ्या घालत, आणि शिकवते तर अशी, की बघणाऱ्याची मान दुखावी. हातात लाकडी फूटपट्टी, पायाला भिंगरी. एकाच्या वहीत डोकावते तोवर दुसऱ्याने चूक केलेली असते, आणि ती तिला पाठमोरी असतानाही कळते.

कागदोपत्री नाव तेओ ग्वात किम. शिक्षण सहावी, तेही नापास. हे ती लपवत नाही, पण आपणहून सांगतही नाही. चौदाव्या वर्षी शर्टाच्या कारखान्यात लागली आणि बावीस वर्षं कॉलर शिवत राहिली. गणिताशी तिचा संबंध आला तो मुलामुळे. बून लिओंग पाचवीत होता तेव्हा त्याला गुणोत्तराची गणितं सुटेनात. नवरा टॅक्सी चालवायचा; त्याला गणितात चांगली गती होती, त्याने पोराला सरळ 'क्ष मानू' शिकवलं. शाळेतून वही परत आली ती लाल रेघा मारून. क्ष चालणार नाही, पट्ट्या काढा. म्हणजे काय, तर अली नावाच्या मुलाकडे पाच भाग, सीती नावाच्या मुलीकडे दोन भाग असं असलं की एकाखाली एक दोन लांबट पट्ट्या काढायच्या, एकीला पाच खण, दुसरीला दोन, आणि खण मोजत मोजत उत्तराला पोचायचं. नवरा चिडला. एवढासा क्ष जे काम करतो त्याला ही रांगोळी कशाला, म्हणाला. किम आंटीला मात्र क्ष कधी कळलाच नव्हता, पण खण कळले. कारखान्यातून आली की शिवणयंत्रावर मुलाचं पुस्तक उघडायची आणि पट्ट्या काढत बसायची. म्हणजे उभी राहायची. चार महिन्यांत तिने पुस्तक संपवलं, मग शेजारणीच्या मुलीला शिकवलं, मग शेजारणीच्या बहिणीच्या. क्ष येत नव्हता, तेच तिचं भांडवल झालं. शिकलेले बाप पोरांना क्ष शिकवून गोंधळात टाकायचे, आणि मग त्या पोरांना लिफ्टने अकराव्या मजल्यावर पाठवायचे.

बून लिओंग आता पर्थला इंजिनियर आहे. नवरा गेला. पट्ट्या राहिल्या.

तर या बाईची ख्याती होती ती घराण्यांसाठी. सहावीच्या परीक्षेतल्या शाब्दिक गणितांना ती घराणी म्हणायची. अलीने सीतीला काही दिलं, की दोघांची मिळून बेरीज बदलत नाही. घराणं 'बेरीज तीच'. दोघांनी सारखंच कमावलं किंवा सारखंच घालवलं, की अंतर बदलत नाही. घराणं 'फरक तोच'. एकानेच खर्च केला आणि दुसरा गप्प बसला, तर 'एकाचं तेच'. आणि सगळंच बदललं तर देवाचं नाव घ्या. मुलाने गणित वाचलं की पहिली गोष्ट काय करायची? पट्टी नाही, आकडेमोड नाही. कोपऱ्यात घराण्याचं नाव लिहायचं. नाव न लिहिता पेन्सिल चालवली की फूटपट्टी टेबलावर आपटायची. 'आधी घराणं ओळखा. घराणं बरोबर असलं तर उत्तर पळून पळून जातंय कुठे? आणि उत्तर घराण्याविरुद्ध आलं तर समजा, चूक तुमची.' वीस वर्षांत शे-दीडशे मुलं या वाक्यावर पार पडली. माणसाला एखादं वाक्य इतकं लागू पडलं की ते तपासायची सवय जाते, तसं तिचं झालं होतं. पण हे तिला त्या शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं.

सुहैला चौथ्या मजल्यावरची. आई रोस्नानी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, वडील बस चालवायचे. जानेवारीत आली तेव्हा मुलगी गणिताला नुसती घाबरत नव्हती, गणितावर रुसलेली होती. शिवाय तिला भलतेच प्रश्न पडायचे. सीतीने चाळीस टक्के स्टिकर का दिले? कुणाला दिले? तिला आवडत नव्हते का? बाकीची पोरं हसायची. किम आंटी म्हणायची, सीती गेली खड्ड्यात, तू घराणं लिही. आणि सुहैला मुकाट्याने लिहायची. पोर हळू होती, तिच्या पट्ट्या वाकड्या यायच्या, पण सांगितलेलं ऐकण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

ऑगस्टच्या सराव परीक्षेत ती नापास झाली. दोन दिवस जेवली नाही. न्हाणीघराचं दार लावून आत बसली, आणि रोस्नानी कामाचा गणवेश अंगावर तसाच ठेवून अकराव्या मजल्यावर धावत आली होती. शाळेतल्या बाईंनी रोस्नानीला स्पष्टच सांगितलं होतं, मुलगी अगदी काठावर आहे. पाच मार्क इकडे, तर पुढच्या शाळेत वरच्या वर्गांत बसेल, पाच मार्क तिकडे, तर खालच्या. या गावात बारा वर्षांच्या पोराची एकदा जी रांग ठरते ती बदलायला पुढे फार टाचा घासाव्या लागतात, हे किम आंटीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार. तेव्हापासून ती सुहैलाला रविवारीही बोलवायला लागली. पैसे घेतले नाहीत. वर, फुकट शिकवतेय असं कुणाला सांगशील तर बघ, असा दमही दिला.

परीक्षेचा शुक्रवार उजाडला. आता रीत अशी, की सगळे पेपर संपेपर्यंत झालेल्या पेपरचं नाव काढायचं नाही. मुलाने विचारलं तरी विषय बदलायचा. किम आंटी दरवर्षी पालकांना हे बजावते, आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. राहवतच नाही. त्या दिवशीही दीड तास ती फाटक ते बसथांबा, बसथांबा ते फाटक अशी फिरत होती. एक आजोबा शेवटी म्हणाले, 'बाई, तुम्ही परीक्षेला बसला असता तर कमी दमला असता.'

मुलं बाहेर आली. काही हसत, दोन-तीन रडत. रडणाऱ्यांना आयांनी घेरलं, आणि पाच मिनिटांत सगळ्या फाटकाला कळलं की शेवटून तिसरं गणित सगळ्यांना नडलंय. पुआ बाई लगेच पुढे झाल्या. या बाईंचा मुलगा किम आंटीकडे येतो, आणि दीडशे पालकांचा एक फोनगट या बाई चालवतात. त्यांना सगळं सगळ्यांच्या आधी कळलेलं असावं लागतं. त्यांनी तीन मुलांना पकडून गणित जुळवून घेतलं.

सीती आणि मेई यांच्या स्टिकरांचं गुणोत्तर पाचास दोन. दोघींनी आपापले चाळीस टक्के स्टिकर देऊन टाकले. आता सीतीकडे मेईपेक्षा पंचेचाळीस जास्त आहेत. तर सीतीने किती दिले?

'किम आंटी, सांगा ना. मुलं बघा किती घाबरलीत.'

रीत वगैरे किम आंटीने स्वतःच मोडली. दवाखान्याचं एक पाकीट पर्समध्ये होतं, ते भिंतीवर धरलं आणि दोन पट्ट्या काढल्या. पाच खण, दोन खण. दोघींनी चाळीस टक्के दिले, म्हणजे सारखंच दिलं. घराणं 'फरक तोच'. तीन खणांचा फरक पंचेचाळीस, एक खण पंधरा, सीतीचे पाच खण पंच्याहत्तर, त्याचे चाळीस टक्के तीस. 'तीस,' ती म्हणाली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

चार-पाच मुलं उड्या मारायला लागली. सुहैला आईच्या बाजूला उभी होती. किम आंटीने भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं, आणि सुहैला म्हणाली, 'माझंही तीसच आलंय.' बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने सगळ्यांसमोर त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. रोस्नानीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुआ बाईंनी पाकिटाचा फोटो काढून गटावर टाकला, खाली लिहिलं, किम आंटींनी सोडवलं, उत्तर तीस.

घरी जाताना किम आंटी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरली. काळी कॉफी घेतली, आणि नवल म्हणजे बसली. दोन घोट घेतले असतील नसतील, तिचा हात आपोआप टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे गेला. मुलांना ती नेहमी सांगायची, उत्तर आलं की ते परत गणितात घालून बघा. फाटकाशी ते राहिलं होतं. बोट काही गप्प बसेना, म्हणून तिने कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. सीतीचे पंच्याहत्तर, मेईचे तीस. सीतीने दिले तीस, मेईने बारा. उरले पंचेचाळीस आणि अठरा. फरक सत्तावीस.

फरक पंचेचाळीस हवा होता.

तिने पुन्हा केलं. पुन्हा सत्तावीस. टक्के सारखे होते, स्टिकर सारखे नव्हते! जिच्याकडे जास्त तिचे चाळीस टक्केही जास्त. फरक तोच राहीलच कसा? गुणोत्तर तेवढं तसंच राहतं. म्हणजे ते पंच्याहत्तर सीतीकडे आधी असलेले नव्हतेच, दिल्यानंतर उरलेले होते. उरलेले म्हणजे साठ टक्के. आधीचे एकशे पंचवीस, दिलेले पन्नास. गणित काही अवघड नव्हतं. पाचवीतल्या पोराने करावं असं होतं. 'सारखे' एवढा शब्द दिसला आणि वीस वर्षं शिकवणारी बाई घराण्याचं नाव लावून मोकळी झाली. तोंडावर आपटणं म्हणतात ते हेच.

कॉफी तशीच टाकून ती उठली. लिफ्टमध्ये शिरली, चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट चौथ्यावर थांबली, दार उघडलं, समोर रोस्नानीच्या दाराबाहेर वाळत घातलेल्या चपला दिसल्या. बाई उतरली नाही. अकराव्यावर गेली. दार उघडलं, आत दोन चकरा मारल्या, पाणी प्यायला घेतलं आणि प्यायलीच नाही.

सांगायचं काय? आणि आत्ताच कशाला? मलय भाषेचा पेपर सोमवारी, विज्ञानाचा मंगळवारी. पोर आत्ता खुशीत आहे, खुशीत दोन पेपर देईल. आत्ता सांगितलं तर पुन्हा न्हाणीघराचं दार लागेल, पुन्हा दोन दिवस उपास, आणि मग गणितातले चार मार्क तर गेलेच, वर विज्ञानही जाईल. मंगळवारी संध्याकाळी सांगू. एवढं ठरवून ती खिडकीशी गेली, तिथून दाराशी आली, आणि ठरलेलं पुन्हा विस्कटलं. कारण तिला दिसत होतं, पोरीने तीस लिहिलं ते स्वतःच्या डोक्याने नाही. ते आपण लिहिलं, तिच्या हाताने.

तेवढ्यात फोन थरथरला. गटावर कुणा इंजिनियर बापाने लिहिलं होतं, 'मला पन्नास येतंय.' खाली पुआ बाईंचं उत्तर, 'आंटी वीस वर्षं शिकवतात हो.' त्याखाली हसरे चेहरे. त्याखाली त्या बापाने पानभर पद्धत लिहून टाकलेली, क्ष मानून. आणि रोस्नानी त्या गटावर होती. आता पोरीला हे कुणा परक्याच्या क्षकडून कळणार होतं, तेही कदाचित याच घटकेला.

लिफ्ट तळमजल्यावर अडकली होती. किम आंटी जिन्याने निघाली. सात मजले, गुडघे दुखत होते, कठडा धरून ती उतरत राहिली आणि स्वतःला शिव्या देत राहिली. फोनवर गटात तिने उतरता उतरताच लिहिलं. तीस चूक. पन्नास बरोबर. चूक माझी. पाठवलं आणि आवाज बंद करून फोन खिशात टाकला.

दार रोस्नानीने उघडलं. सुहैला जेवणाच्या टेबलाशी शाळेच्या गणवेशातच बसून तळलेली मासळी आणि भात खात होती. आंटी दिसल्यावर उठायला लागली.

'बस. जेव,' किम आंटी म्हणाली. मग तिला दम लागला, आणि दम लागलेला असतानाच तिने सांगून टाकलं. थांबली असती तर धीर सुटला असता. 'ते स्टिकरचं गणित. माझं उत्तर चुकलं. पन्नास बरोबर आहे. तू तीस लिहिलंस ते चुकलं, पण ती चूक तुझी नाही, माझी आहे. मी घराणं चुकीचं लावलं.'

रोस्नानी भिंतीला टेकली. मुलगी मान खाली घालून माशाचा काटा काढत होती, तिने तो ताटलीच्या कडेला नीट ठेवला.

'मला माहीत आहे,' ती म्हणाली.

'काय माहीत आहे?'

'पन्नास. माझं आधी पन्नासच आलं होतं.'

किम आंटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मुलगी तिच्याकडे न बघता सांगत गेली. कोपऱ्यात 'फरक तोच' लिहिलं होतं, कारण आधी ते लिहायचंच असतं. मग पट्ट्या काढल्या. मग वाटलं, सीतीकडे किती जास्त आहेत, तिचे चाळीस टक्के पण जास्तच होणार, बिचारीचे जास्त गेले. मग प्रत्येक खणाचे दहा तुकडे करून त्यांतले चार पुसून काढले, तर उरलेल्यांत पंचेचाळीसचा फरक बसला. पन्नास आलं. परत घालूनही पाहिलं, जमलं. पण वर लिहिलेल्या नावाशी ते जुळेना.

'तुम्ही म्हणता ना, उत्तर घराण्याविरुद्ध आलं तर चूक आपली. म्हणून खोडलं. मग तुमच्यासारखं केलं. तीस आलं.' ती पुढे म्हणाली, 'फाटकाशी तुम्ही तीस म्हणालात, तेव्हा मला वाटलं, बरं झालं खोडलं.'

किम आंटी खुर्ची ओढून बसली. तिला राग आला, आणि तो काढायला आजूबाजूला कुणीच नव्हतं. सबंध परीक्षागृहात शंभर पोरांना नडलेलं गणित या पोरीने, या हळू, वाकड्या पट्ट्यांच्या पोरीने सोडवलं होतं, तपासलं होतं, आणि मग मनात आंटीचा आवाज ऐकून पुसलं होतं. मार्क असेनात का चार. त्या चार मार्कांनी तिची रांग बदलू शकते, हे तर होतंच. पण त्याहून वाईट काहीतरी झालं होतं, ते बाईला कळत होतं आणि त्याला नाव देता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. सुहैलाने आंटीला कधी रडताना पाहिलं नव्हतं; तिने घाबरून आईकडे पाहिलं.

रोस्नानी पाण्याचा पेला घेऊन आली. तिने तो किम आंटीसमोर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, 'आंटी, तुम्ही नसता तर ते पन्नासही आलं नसतं. पण आता हिला सांगा काहीतरी. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. फारच ऐकते.'

हे शेवटचं बोलणं टोमणा होता की काय, ते रोस्नानीच जाणे. लागलं मात्र वर्मी. किम आंटी पाणी प्यायली.

सुहैलानेच विचारलं. हात भाताचा, तो ताटलीवर तसाच धरलेला.

'आंटी, मंगळवारी विज्ञानाला पण असं झालं तर? मला एक वाटलं, आणि तुम्ही शिकवलेलं वेगळं असलं तर? खोडू?'

किम आंटीने तिच्याकडे पाहिलं.

'तपासून बघ,' ती म्हणाली. 'जमत असेल तर ठेव. मी सांगितलेलं वेगळं असलं तरी ठेव.'

मुलीने मान हलवली. मग रोस्नानीने दुसरी ताटली आणून भात वाढला, आणि किम आंटी त्यांच्याबरोबर जेवली, बसून.